सात नंबरची तपासणी

"सात नंबर," मी सोनोग्राफी सेंटरच्या दारातून हाक दिली आणि बाकावरून खातूबाई उठल्या, आमच्या डॉक्टरसरांच्या पत्नी.

आधी मला वाटलं, त्या सरांसाठी काही निरोप घेऊन आल्यात. पण हातात नंबराचा बिल्ला होता आणि तो त्यांनी इतर पेशंटसारखाच माझ्यापुढे धरला. सुगंधामावशी फरशी पुसत होत्या, त्यांच्या हातातलं फडकं तिथेच राहिलं.

"अगो बाय माझे! बाई, तुम्ही रांगेत कशाला बसलात? मला नाही का सांगायचं?"

"सव्वानऊपासून बसलेय. तुम्ही मान वर केली असती तर दिसले असते."

"मी सरांना सांगते, थांबा."

"काही सांगू नका. घरी ह्यांची अपॉइंटमेंट मिळत नाही, म्हणून इथे आलेय. नंबर लावून आलेय, नंबरानेच आत जाईन."

बाकावरचे दोघेतिघे हसले. खेडमधल्या निम्म्या घरांतली मुलं बाईंनी शिकवलेली होती. भूगोल. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी त्या बोलल्या की माणसं पाय जवळ घेऊन बसायची.

मी रजिस्टर उघडलं. मंगळवार, ८ फेब्रुवारी २०११. वेळ साडेदहा.

"नाव लिहा, नलिनी दत्तप्रसाद खातू. वय एकसष्ट."

"तक्रार?"

"पोटात दुखतं. इथे, वर, मधोमध. मग मागे पाठीत जातं. रात्री जास्त."

"कधीपासून?"

"दोन महिने. हे म्हणाले, गॅस आहे, ओवा खा. दोन महिने ओवा खातेय. आता माझ्या अंगाला ओव्याचा वास येतो."

"वजन?"

बाईंनी हात वर केला. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या.

मी 'तक्रार' या रकान्यात दोन ओळी लिहिल्या आणि पेन बंद केलं. वर दुखणं, पाठीत जाणं, रात्री वाढणं, वजन उतरणं. ही चार लक्षणं एकत्र आली की काय बघायचं, ते मला शिकवलेलं होतं. पण बघायचं काम माझं नव्हतं.

ते कसं, हे सांगितलं पाहिजे. मी एक्स-रे टेक्निशियनचा डिप्लोमा करून ओमानला गेले होते, सलालाहच्या एका इस्पितळात. तिथे बायकांना बाईनेच तपासायचं, म्हणून त्यांनी मला दोन वर्षं सोनोग्राफी शिकवली. पुढे सात वर्षं मी रोज पंचवीस-तीस पोटं बघत होते. मग इकडे खाडीपट्ट्यातल्या आमच्या घरी अम्मीला पक्षाघात झाला. भाऊ पनवेलला, त्याला जमणार नव्हतं. मी नोकरी सोडून आले. आठ महिन्यांनी अम्मी गेली. तोवर माझ्या जागेवर तिकडे दुसरी मुलगी लागली होती.

आपल्याकडे कायद्याने प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायची ती मूठ, फक्त नोंदणी झालेल्या डॉक्टरनेच हातात धरायचा. नऊ वर्षांचा अनुभव असो की एकोणीस, माझ्यासारखीने तो पुसून जागेवर ठेवायचा, एवढंच. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, तो कशासाठी झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. डॉ. खातूंना रजिस्टर लिहायला, गरोदर बायकांचे फॉर्म भरायला माणूस हवं होतं. मी चौदा महिने ते करत होते.

सर तपासताना आकडे सांगायचे. मी तो आकडा परत म्हणायचा आणि लिहायचा. लिव्हर तेरा पॉइंट चार. तेरा पॉइंट चार. उजवी किडनी नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट आठ. अंधाऱ्या खोलीत दिवसभर हे चालायचं.

कामाला लागून तीन आठवडे झाले असतील. एका रिक्षावाल्याचं पोट तपासताना सर म्हणाले, "पित्ताशय नॉर्मल." मला पित्ताशयाच्या मानेपाशी अडकलेला खडा दिसला होता. मी काही बोलले नाही. बोलणार तरी काय? क्लार्कने डॉक्टरला पेशंटसमोर चूक दाखवायची नसते. पण 'नॉर्मल' हा शब्द तोंडातून निघेना, म्हणून गप्प राहिले. सरांनी क्षणभर वाट पाहिली. मग त्यांचा हात मागे गेला, पुन्हा पित्ताशयावर आला, पेशंटला त्यांनी कुशीवर वळायला सांगितलं आणि म्हणाले, "खडा, अकरा एमएम."

"अकरा एमएम," मी म्हटलं.

यावर आम्ही कधी बोललो नाही. त्यानंतर असं पुन्हा पुन्हा झालं. मी मोजलं होतं. चौदा महिन्यांत मी एकोणीस वेळा गप्प राहिले. पंधरा वेळा मी बरोबर होते, चार वेळा सर. तिसऱ्या वेळेनंतर सरांनी माझं टेबल भिंतीपासून हलवून पलंगाच्या पायथ्याशी लावलं. म्हणाले, तिथे पंख्याने कागद उडतात. पंखा दोन्हीकडे सारखाच लागायचा. नव्या जागेवरून स्क्रीन सरळ दिसायची.

ते वाईट डॉक्टर नव्हते. सदुसष्ट वर्षांचे होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि दुपारनंतर नजर थकायची. त्या दिवशी बाई आत आल्या तेव्हा दुपार व्हायला वेळ होता.

सर मान खाली घालून आधीच्या रिपोर्टवर सही करत होते. "झोपा. कपडे पोटावरून बाजूला घ्या. सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"तुम्ही चहा केला असतात तर घेतला असता."

सरांनी वर पाहिलं. "तू?"

"मी."

"अगं, घरी बोलायचंस ना!"

"बोलले. ओवा मिळाला."

सर माझ्याकडे बघून हसले, जरा ओशाळून. मग त्यांनी जेलची बाटली घेतली, प्रोब लावला आणि स्क्रीनकडे तोंड केलं. एकदा तिकडे तोंड झालं की त्यांना पलंगावर कोण आहे याचा विसर पडायचा.

"ताई, मोठा श्वास घ्या. रोखून धरा."

"ताई?" बाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं रोखूनच धरलाय. सोडू कधी ते सांगा."

"बोलू नकोस गं, हलतं सगळं. लिव्हर तेरा पॉइंट एक."

"तेरा पॉइंट एक."

"पित्ताशय नॉर्मल. खडा नाही."

"नॉर्मल. खडा नाही."

मग प्रोब मधोमध आला, बरगड्यांच्या खाली. स्वादुपिंड तिथे आडवं असतं, जठराच्या मागे. पोटात वायू असला की दिसतच नाही. बाई उपाशी होत्या, अंगाने उतरल्या होत्या. चित्र इतकं स्वच्छ होतं की शिकवायला वापरावं. मधल्या भागात एक काळसर गोळा होता, कडा ओबडधोबड, आणि त्याच्या पलीकडे, स्वादुपिंडाच्या शेपटीकडची नळी फुगलेली.

सरांनी चित्र थांबवलं. माप घ्यायचं असलं की चित्र थांबवतात, मग स्क्रीनवर एक छोटी फुली येते, ती एका कडेवर ठेवायची, दुसरी दुसऱ्या कडेवर. फुली आली. ती एका जागी उभी राहिली. मग सरांनी बटण दाबून चित्र पुन्हा चालू केलं आणि हात पुढे नेला.

"पॅन्क्रिआज नॉर्मल."

मी गप्प राहिले.

हात मागे आला नाही. प्लीहेच्या दिशेने जाता जाता थांबला आणि तिथेच राहिला. एसीचा आवाज येत होता. बाहेर सुगंधामावशी कुणाला तरी चपला काढायला सांगत होत्या.

"परकारबाई," सर म्हणाले, "पॅन्क्रिआज नॉर्मल. लिहा."

चौदा महिन्यांत त्यांनी एकच गोष्ट मला दोनदा कधी सांगितली नव्हती. तेव्हा मला कळलं की याआधी एकोणीस वेळा मी गप्प राहिले ते त्यांना न दिसलेल्या गोष्टींसाठी. ही त्यांना दिसली होती. माझ्याइतकीच स्वच्छ.

एक शब्द म्हणायचा होता. सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. मी म्हणायचा प्रयत्न केला, हेही नोंदवते. तोंड उघडलं होतं. पण नऊ वर्षं जे दिसलं तेच म्हणायची सवय होती, आणि ही सवय सोडली तर त्या खोलीत मी कोण होते? फॉर्म भरणारी बाई. मी तोंड मिटलं आणि पेन रजिस्टरवर आडवं ठेवलं.

बाईंनी उशीवरून मान वळवली. सरांकडे नव्हे, माझ्याकडे.

"लिहीत नाहीत त्या," बाई म्हणाल्या.

"लिहितील."

"नाही लिहीत. अहो, परत बघा."

"नलू, पडून राहा."

"तुम्हीच सांगता ना घरी. परकारबाईंनी आकडा परत म्हटला नाही की मी हात मागे नेतो. त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसतं, म्हणता. जेवताना सांगता. मग आता न्या ना हात मागे."

सरांनी मला हे एकदाही सांगितलं नव्हतं. बाईंना सांगितलं होतं, जेवताना. चौदा महिने मला वाटत होतं की त्या खोलीत मी एकटी आहे आणि माझं काम मलाच ठाऊक आहे. ते कुणाच्या तरी ताटावर रोज बोललं जात होतं. हे कळावं असं मला फार वाटायचं. कळलं ते असं.

सरांनी हात मागे नेला नाही. प्रोब त्यांनी होता तिथेच दाबून धरला, आणि स्क्रीनवर प्लीहेचा तोच तुकडा दिसत राहिला.

"तुम्हाला नाही जमत तर त्यांना द्या," बाई म्हणाल्या. शाळेत फळ्यापाशी अडलेल्या मुलाला बसायला सांगावं, तशा. "परकारबाई, तुम्ही बघा."

"मला परवानगी नाही, बाई."

"माझी आहे."

सर उठले. मला वाटलं, मला बाहेर जायला सांगतील. ते दारापर्यंत गेले, आतून कडी घातली, परत आले आणि प्रोब माझ्यापुढे धरला. मी उठले. ते माझ्या खुर्चीत बसले.

प्रोबची मूठ त्यांच्या हाताने गरम झाली होती. मी तो मधोमध ठेवला, थोडा तिरका केला, हलका दाब दिला, आणि चित्र जागच्या जागी आलं. शेपटीपासून डोक्यापर्यंत, एका रेषेत, सरांना आलं होतं त्याहून स्वच्छ. पुढचं लिहायला अवघड आहे. माझ्या हाताला आनंद झाला. दोन वर्षांत काही धरलं नव्हतं, तरी हात काही विसरला नव्हता. समोर कोण आहे, काय दिसतंय, हे सगळं मला कळत होतं, आणि हात खूश होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी चित्र थांबवलं. एक फुली या कडेवर, एक त्या.

"तीन पॉइंट दोन बाय दोन पॉइंट सात," मी म्हटलं.

माझ्या प्रोबखाली बाईंचं पोट एकदम घट्ट झालं. लाकडासारखं. चेहरा शांत होता, श्वासही तसाच. पण पोट खोटं बोलत नाही. आत येताना त्यांना दुखत होतं, भीतीही असेल, नवऱ्याचा राग होताच. पण ठाऊक नव्हतं. तो आकडा ऐकला तेव्हा ठाऊक झालं.

"काय आहे ते?" त्यांनी विचारलं. "तीन पॉइंट दोन?"

मी सरांकडे पाहिलं. आकडे सांगणं वेगळं, नाव सांगणं वेगळं.

"गाठ आहे, नलू," सर म्हणाले.

"कशात?"

"स्वादुपिंडात."

"ती वाईट असते ना?"

"मुंबईला जाऊ. उद्याच जाऊ."

बाईंनी साडीचा काठ जेलपासून वर उचलून धरला. मग म्हणाल्या, "जेल पुसायला काहीतरी द्या. गार लागतंय."

मी कागदी रुमाल दिला. त्यांनी स्वतःच पुसलं, साडी नीट केली, उठताना माझा हात धरला नाही, सरांचा धरला. दार उघडताना मला म्हणाल्या, "आठ नंबरवाले आजोबा खूप वेळ उभे आहेत. त्यांना आधी घ्या."

आठ नंबरला घेतलं. सरांनीच तपासलं. मी आकडे परत म्हटले.

त्या दिवशीचं रजिस्टर मी नंतर बऱ्याचदा पाहिलं. सात नंबरच्या पुढे तपासणीच्या पहिल्या दोन ओळी माझ्या अक्षरात होत्या. तिसरी, गाठीची, सरांच्या. तपासणारा डॉक्टर म्हणून खाली त्यांची सही. मी प्रोब धरल्याची नोंद कुठेही नाही, आणि ती नसणंच बरोबर.

मुंबईच्या डॉक्टरांनी पोट उघडलंच नाही. बाई ११ जुलैला गेल्या, घरीच. सरांनी त्याआधीच सेंटर बंद केलं होतं. सुगंधामावशी मुलीकडे दापोलीला गेल्या. मी घरी बसून होते. दिवस दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. फेरीवाला पाव देऊन जायचा, तेवढंच.

सप्टेंबरात सलालाहहून कळलं की जागा निघालीय. मधल्या काळात काय केलं त्याचं पत्र हवं होतं. मी सरांच्या घरी गेले. ते एकटेच होते. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

"पत्रात काय लिहू?" त्यांनी विचारलं. "सोनोग्राफी केली असं लिहिता येणार नाही."

"नाही, सर. केलं ते लिहा. रजिस्टर, फॉर्म."

त्यांनी लेटरहेड शोधून काढलं. चार ओळी लिहिल्या. काम समाधानकारक, अक्षर सुवाच्य. सही करून पत्र माझ्यापुढे सरकवलं, पण वरचा हात काढला नाही.

"मला एक संध्याकाळ हवी होती, परकारबाई."

मला लगेच कळलं नाही.

"त्या दिवशी. मी तिच्यापासून लपवणार नव्हतो. एवढा मूर्ख नाही मी. संध्याकाळी घरी आलो असतो, चहा केला असता, मागच्या पडवीत दोघं बसलो असतो, आणि मी सांगितलं असतं. तिचा हात धरून. त्या पलंगावर नाही, पोटावर जेल असताना नाही. संध्याकाळपर्यंतच नॉर्मल म्हणायचं होतं मला." त्यांनी पत्रावरचा हात काढला. "तुम्ही चुकलात असं नाही म्हणत मी. तुम्ही बरोबर होतात. नेहमीसारख्याच."

त्यांनी खरंच सांगितलं असतं का, मला माहीत नाही. दोन महिने ओवा दिलेल्या माणसाला ती संध्याकाळ आणखी पुढे ढकलावीशी वाटली असती, असंही होऊ शकतं. पण सांगितलं असतं, असंही होऊ शकतं. त्यातलं काहीच मोजता येण्यासारखं नव्हतं. मी पत्राची घडी घातली.

"एक विचारू?" सर म्हणाले. "ती काही बोलली नाही नंतर. मुंबईत, घरी, कधीच त्या दिवसाचं बोलली नाही. मला वाटतं, तिला आधीच ठाऊक असावं. ती ठरवूनच रांगेत बसली असेल. शाळेत मुलांना परीक्षेला बसवायची तसं मला बसवायला. प्रोब तुमच्या हातात होता. तुम्हाला काय वाटतं, तिला ठाऊक होतं?"

माझा उजवा हात पर्समध्ये होता, पत्र ठेवत होता. तो तिथेच राहिला.

"हो, सर," मी म्हटलं. "त्यांना आधीच ठाऊक होतं."

"नक्की?"

"नक्की. हाताला कळतं. आकडा सांगितला तेव्हा पोट जराही हललं नाही."

सरांनी डोळे मिटले, उघडले. मान हलवली, दोनदा. मग उठले, चपला घातल्या आणि मला सोडायला फाटकापर्यंत आले. वाटेत पायरीवरची वाळकी पानं त्यांनी पायाने बाजूला केली. मी कडी काढली तेव्हा म्हणाले, "परकारबाई, इतके दिवस विचारलंच नाही. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही, सर."

"हं," ते म्हणाले, आणि मी रस्त्याला लागेपर्यंत फाटक धरून उभे राहिले.